धातूचा रस साच्यात जातो कसा: पर्मनंट मोल्ड कास्टिंग आणि त्याची भावंडं

आमचे आजोबा जाळ्याला लावायची शिशाची वजनं घरीच ओतायचे, हर्णैला, मागच्या अंगणात माडाखाली उघड्यावर, कारण शिशाचा धूर वाईट हे त्यांना पक्कं माहीत होतं. साचा म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे, हाताच्या पंजाएवढे, आतून कोरलेले, एका बाजूला बिजागरी आणि वर नरसाळ्यासारखं तोंड. आपला मोदकाचा साचा असतो ना, अगदी तसाच, फक्त लोखंडी. ओतायच्या आधी ते दोन गोष्टी करायचे आणि त्या कधी चुकवायचे नाहीत. रॉकेलची चिमणी पेटवून तिच्या ज्योतीवर साचा आतून काळा करायचे, काजळी सगळीकडे सारखी बसेपर्यंत, आणि मग चुलीच्या कडेला ठेवून तो चांगला तापवायचे. तरीसुद्धा पहिलं वजन निघायचं ते सुरकुतलेलं, ते परत कढईत. "पयला नग साच्याचा," म्हणायचे, "दुसऱ्यापासून आपले."

मी गेली चौदा वर्षं आमच्या इथल्या एमआयडीसीत एका छोट्या ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगच्या शॉपमध्ये काम करतोय आणि रोज सकाळी पहिल्या शिफ्टला आजोबा करायचे तेच करतो. काजळीच्या जागी स्प्रे गनने मारायचं डाय कोटिंग आलं, चुलीच्या जागी गॅस बर्नर आला, शिशाच्या जागी ॲल्युमिनियम आलं, पण पहिले चार-पाच नग अजूनही परत फर्नेसमध्येच जातात.

हे लिहायला बसलो त्याला कारण माझा भाचा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गणपतीला आला तेव्हा पिशवीतून भावोजींच्या बोटीच्या इंजिनाचं जुनं थर्मोस्टॅट हाउसिंग घेऊन आला, ॲल्युमिनियमचं, हाताचं कोपर वाकवल्यासारखा आकार. "मामा, ह्याला बाहेरून चीर कुठेच नाही, पण इंजिन तापलं की कूलंट झिरपायचं. बाबांनी दोनदा पॅकिंग बदललं, शेवटी नवीनच टाकलं." आणि मग म्हणाला, "कॉलेजात पर्मनंट मोल्डचे सात-आठ प्रकार पाठ करून घेतलेत, स्लश, टिल्ट, लो प्रेशर, व्हॅक्यूम, पण एवढे प्रकार लागतात कशाला हे काही कळलं नाही." त्याचे हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती एकदा डोक्यात बसली की प्रकार पाठ करावे लागत नाहीत.

आधी मूळ काय ते बघू. वाळूच्या साच्यात ओतलं की नग बाहेर काढायला साचा मोडावा लागतो, म्हणजे प्रत्येक नगाला नवीन साचा. पर्मनंट मोल्डमध्ये साचाच धातूचा असतो, बीडाचा नाहीतर एच १३ सारख्या टूल स्टीलचा, तो उघडायचा, नग काढायचा, बंद करायचा, पुन्हा ओतायचं. ह्या धातूच्या साच्यालाच आम्ही डाय म्हणतो. नीट सांभाळली तर एक डाय दहा हजारापासून लाखभर नगांपर्यंत चालते. नुसतं ग्रॅव्हिटी म्हणजे रस त्याच्या स्वतःच्या वजनाने आत जातो, बाहेरून दाब नाही. याचा मोठा फायदा म्हणजे धातूचा साचा उष्णता पटकन ओढून घेतो, रस लवकर गोठतो, आतले कण बारीक राहतात आणि नग मजबूत होतो. ब्रिटिश स्टँडर्डमधला एलएम ६ नावाचा मिश्रधातू घ्या, साधारण १२ टक्के सिलिकॉन असलेला, तोच वाळूत ओतला तर त्याची कमीत कमी ताण सोसायची ताकद १६० मेगापास्कल धरतात आणि धातूच्या साच्यात ओतला तर १९०. धातू तोच, फक्त साचा बदलला.

पण पटकन गोठणं हीच अडचणसुद्धा आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, आम्ही मिश्रधातू ७०० ते ७३० अंशाच्या आसपास ओततो आणि डाय त्याआधी दीडशे-दोनशे अंशाला तापवून घेतो. डाय थंड असेल तर रस कोपऱ्यात पोचायच्या आतच त्याची गोठायची घाई सुरू होते, दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकमेकांना भेटतात पण एकजीव होत नाहीत, मग सुरकुती दिसते, तिला आम्ही कोल्ड शट म्हणतो. आजोबांचं पहिलं वजन सुरकुतायचं ते ह्याच कारणाने. आणि काजळीचं काम म्हणजे मोदकाच्या साच्याला तूप लावतो ते, शिवाय आणखी एक, ती रस आणि लोखंडाच्या मध्ये गोधडीसारखी असते, उष्णता जरा हळू जाऊ देते. आमच्या कोटिंगमध्ये काजळीऐवजी उष्णता सोसणारी बारीक रिफ्रॅक्टरी पावडर असते, वॉटर ग्लासमध्ये, म्हणजे सोडियम सिलिकेटच्या चिकट द्रावात कालवलेली. जिथे रस लांब जायचाय तिथे जाड थर मारायचा, जिथे लवकर गोठवायचंय तिथे पातळ. चांगला डाय ऑपरेटर कोटिंगच्या जाडीवरच अर्धा नग जिंकतो, हे मी नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

आता भाच्याच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. दूध तापवून ठेवलं की वर साय येते. वितळलेल्या ॲल्युमिनियमवरही साय येते, फरक एवढाच की दुधाला थोडा वेळ लागतो आणि ॲल्युमिनियमला डोळ्याची पापणी लवायचाही वेळ लागत नाही, हवेतला ऑक्सिजन लागला की लगेच ॲल्युमिना. ही साय अतिशय पातळ असते, शांत पडलेल्या रसावर ती चांगलीच, खालच्या धातूला सांभाळते. वाईट होतं ते रस उसळला की. साय आलेलं दूध पातेल्यातून पेल्यात जोरात ओतलंत तर साय घडी पडून आत जाते ना, तसंच इथे. फरक असा की ॲल्युमिनाची घडी पुन्हा कधी वितळत नाही, ॲल्युमिना वितळायला दोन हजार अंशाच्या वर लागतात. घडीच्या आतल्या दोन कोरड्या बाजू एकमेकींना टेकतात पण चिकटत नाहीत. म्हणजे नग गोठायच्या आधीच त्याच्यात चीर तयार असते, बाहेरून काही दिसत नाही.

ही घडी पडायला किती वेग पुरतो? ओतकामात एक आकडा आता सगळीकडे मानतात, सेकंदाला अर्धा मीटर. त्याच्यापुढे गेलं की ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग फुटून घड्या पडायला लागतात. शाळेतलं सूत्र लावून बघा, वरून खाली पडणाऱ्या वस्तूला सेकंदाला अर्धा मीटर वेग यायला किती उंची लागते, तर फक्त १३ मिलिमीटरच्या आसपास. तेरा मिलिमीटर! करंगळीच्या नखाएवढी उंची. लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या लांब दांड्याच्या पळीतून, डायच्या तोंडात रस पडतो ती उंची तरी याच्या कितीतरी पट असते, आणि पुढे डायच्या आतला उतार वेगळाच. हा आकडा मला पहिल्यांदा समजला त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही, कारण आपण रोज किती बेफिकीरपणे ओततो हे एकदम दिसलं.

भाच्याचं हाउसिंग मी दुसऱ्या दिवशी शॉपवर नेलं. वरच्या फ्लँजवर, म्हणजे जोडायच्या सपाट कडेवर, गेट कापल्याची खूण होती, गेट म्हणजे रस नगात शिरतो ती वाट, म्हणजे रस वरून थेट आत टाकला होता. हॅकसॉने मधोमध उभं कापलं, कापलेला भाग एमरी पेपरवर घासून गुळगुळीत केला, धुऊन कोरडा केला आणि त्यावर डाय पेनेट्रंटचा लाल स्प्रे मारला (इथला डाय म्हणजे साचा नव्हे, बारीक चिरेत शिरणारा रंग). दहा मिनिटांनी पुसून, चिरेतला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर मारला. पहिल्यांदा काहीच नाही, आणि मग हळूहळू त्या पांढऱ्यावर केसासारखी एक लाल रेघ उमटायला लागली, आतल्या भिंतीपासून निघून वळत वळत बाहेरच्या बाजूपर्यंत पोचलेली, नदीचा नकाशा काढावा तशी. भाचा तिथेच उभा होता, तो काही बोललाच नाही, मोबाईल काढून फोटो घेत राहिला. कूलंट झिरपत होतं ते ह्याच वाटेने. दुसरं काहीही कारण नव्हतं, ज्याने ओतलं त्याने घाईत वरून ओतलं होतं.

तर प्रकार एवढे का, याचं उत्तर हेच आहे. साचा सगळीकडे साधारण तोच. रस आत कसा न्यायचा, किती शांतपणे, किती वेगात, यावर एकेकाने वेगळा उपाय काढला आणि त्या प्रत्येक उपायाला वेगळं नाव पडलं.

पहिला उपाय टिल्ट, म्हणजे डाय तिरकी करून ओतणं. गोटी सोड्याची बाटली पेल्यात ओतताना आपण पेला तिरका धरतो, सोडा काठावरून घसरत जातो, फेस कमी येतो. टिल्ट कास्टिंगमध्ये डायला एक वाटी जोडलेली असते, डाय आडवी असताना वाटीत रस भरून घ्यायचा आणि मग वाटीसकट डाय हळूहळू उभी करायची, दहा-पंधरा सेकंद घेऊन, मशिनवर नाहीतर हाताच्या चाकाने. रस धबधब्यासारखा पडतच नाही, एका बाजूने सरपटत आत जातो आणि आतली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. ही युक्ती फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरविल नावाच्या माणसाने नाण्यांसाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियम ब्राँझवर वापरली, कारण त्या धातूलाही अशीच चिवट साय येते. मला विचाराल तर छोट्या शॉपसाठी याच्याएवढा स्वस्त आणि गुणी उपाय दुसरा नाही. आमच्याकडे दोन टिल्ट मशिन आल्यापासून लीक टेस्टला परत येणारे नग एकदम कमी झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण वाटीत रस भरतानाच कुणी वरून धबाधबा ओतला तर घड्या तिथेच पडतात आणि पुढे कितीही हळू फिरवा उपयोग नाही. वाटीतसुद्धा लॅडल टेकवूनच ओतायचं.

दुसरा उपाय म्हणजे वरून ओतणंच सोडून द्यायचं आणि रस खालून वर चढवायचा. हे समजायला शहाळं घ्या. शहाळ्यात स्ट्रॉ घालून आपण ओढतो, पाणी वर येतं. आता समजा त्याच शहाळ्याला दुसरं एक भोक पाडून तिथून तुम्ही फुंकर मारली आणि स्ट्रॉच्या कडेने हवा निसटू दिली नाही, तरी पाणी स्ट्रॉमधून वर येणारच. फुंकर मारून वर चढवणं म्हणजे लो प्रेशर डाय कास्टिंग, ओढून वर घेणं म्हणजे व्हॅक्यूम. झालं, दोन प्रकार समजले.

लो प्रेशरमध्ये खाली बंद फर्नेस असते, तिच्यात रस, त्या रसात बुडवलेली एक उभी नळी, आणि नळीच्या वर डाय बसवलेली. फर्नेसमध्ये कोरडी हवा किंवा नायट्रोजन हळूहळू सोडायचा, रस नळीतून वर चढतो आणि डाय खालून वर भरत जाते, विहिरीत पावसाळ्यात झऱ्याने पाणी चढतं तसं, वरची पातळी सपाट राहते, साय मोडत नाही. दाब किती लागतो म्हणाल तर वितळलेल्या ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.४ पट, त्यामुळे एक मीटर चढवायला साधारण ०.२४ बार पुरतो. गाडीच्या टायरमध्ये आपण ३२ पीएसआय भरतो तो २.२ बार, म्हणजे टायरच्या हवेच्या साधारण नवव्या हिश्शात काम होतं. भरल्यावर थोडा दाब वाढवून धरून ठेवायचा. नग गोठताना आकसतो, शुद्ध ॲल्युमिनियम तर आकारमानाने साडेसहा टक्के आकसतं, सिलिकॉन घातलं की जरा कमी, आणि ती तूट भरून काढायला खालून नळीतला गरम रस येत राहतो. ग्रॅव्हिटीत ह्याच कामासाठी आम्हाला नगाच्या डोक्यावर मोठा रायझर, म्हणजे जास्तीच्या रसाचा साठा, ठेवावा लागतो, जो नंतर कापून परत वितळवायचा, म्हणजे ओतलेल्या रसातला मोठा हिस्सा नुसताच गोल फिरतो. लो प्रेशरला दाब सोडला की नळीतला रस खाली फर्नेसमध्ये परत, वाया जवळजवळ काहीच नाही, ओतलेल्यातला नव्वद टक्क्यांच्या वर नग म्हणून हातात येतो. गाड्यांची अलॉय व्हील्स बहुतेक अशीच ओततात. तोटा म्हणजे वेळ, एकेका चाकाला काही मिनिटं जातात, आणि मशिन महाग.

यातलीच एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतो. मालगाडीच्या वॅगनची पोलादी चाकं बंगळुरूजवळ येलहंकाला रेल्वेच्या कारखान्यात ओततात आणि तिथेही तत्त्व हेच, रस खालून नळीतून हवेच्या दाबाने वर चढवायचा. फक्त पोलाद एवढं गरम की लोखंडी डाय टिकणारच नाही, म्हणून साचा ग्रॅफाइटचा. पोलादाचा रस ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, म्हणून एक मीटरला ०.७ बारच्या आसपास दाब लागतो. रत्नागिरी स्टेशनवर मालगाडी धडधडत जाते तेव्हा मी आता चाकांकडेच बघत बसतो.

व्हॅक्यूमचं थोडक्यात. डायमधली हवाच काढून घेतली की बाहेरच्या हवेचा दाब रस आत ढकलतो. आत हवा नाही म्हणून अडकायला काही नाही, भिंती पातळ ठेवता येतात, पण नग साधारण लहानच, काही किलोपर्यंत. आणि काउंटर प्रेशर म्हणून एक बल्गेरियातून आलेली पद्धत आहे, तिच्यात फर्नेस आणि डाय दोन्हींवर आधी सारखाच दाब ठेवतात आणि मग थोडा फरक करून रस चढवतात. दाबाखाली गोठत असल्यामुळे विरघळलेल्या गॅसला बुडबुडा करायला वावच मिळत नाही, म्हणून गाडीच्या सस्पेन्शनचे जोखमीचे पार्ट असे ओततात.

आता ज्याच्यावरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो ते. नुसतं "डाय कास्टिंग" म्हटलं की बहुतेक लोकांच्या डोक्यात प्रेशर डाय कास्टिंग असतं, आणि गिऱ्हाईक आमच्याकडे येऊन म्हणतं की डाय कास्टिंगचा रेट द्या, आम्ही ग्रॅव्हिटीचा देतो, त्याने दुसरीकडे प्रेशरचा घेतलेला असतो, आणि मग तुलना काय करणार. प्रेशरमध्ये पिस्टनने रस डायमध्ये अक्षरशः मारतात, शेकडो बार दाबाने, डाय सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच भरते. गेटमधून जाताना रसाचा वेग सेकंदाला तीस ते पन्नास मीटर. निसर्ग वादळ आठवतंय ना, ३ जून २०२० ला आपल्या रायगडच्या किनाऱ्याला धडकलं, दापोली-हर्णैची छपरं आणि माड घेऊन गेलं, त्याचा वारा हवामान खात्याच्या नोंदीत ताशी ११० ते १२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला तीस-तेहतीस मीटर. डायच्या गेटमध्ये रस वादळाच्या वेगाने शिरतो. कुठे आपला अर्धा मीटर आणि कुठे हे. साय मोडते, हवा मिसळते, सगळं होतं, पण दाब एवढा प्रचंड की बुडबुडे दाबून बारीक केले जातात आणि नग दिसायला सुरेख, पातळ, मापाला पक्का येतो. मोटारसायकलच्या इंजिनाची कव्हरं, मोटारींचे गिअरबॉक्सचे केस असे होतात, लाखोंनी. पण आत दाबून बसलेली हवा जात नाही. नगाला ताकद आणायला हीट ट्रीटमेंट करायची म्हणून पाचशेवर अंशाला तापवला की ती हवा फुगते आणि पृष्ठभागावर फोड येतात. म्हणून तीनशे नगांसाठी, किंवा ज्याला हीट ट्रीटमेंट द्यायची आहे, किंवा ज्यातून पाणी जाणार आहे अशा जाड पार्टसाठी साध्या प्रेशरच्या मागे लागू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो, मग काम आमच्याकडे येवो न येवो. स्क्वीझ कास्टिंग म्हणजे ग्रॅव्हिटी आणि प्रेशर ह्या दोघांचा मेळ, रस हळू भरायचा आणि मग गोठेपर्यंत प्रचंड दाबाने दाबून धरायचं.

स्लशचं मात्र वेगळं आहे, ते रस आत कसा जातो याच्यापेक्षा परत बाहेर कसा येतो याच्यावर आहे. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे लवकर बाहेर काढलात तर बर्फाची नुसती कवटी मिळते आणि आत पाणी. तेच. साच्यात रस ओतायचा, भिंतीला लागून पुरेसा थर गोठला की साचा उलटा करून उरलेला रस काढून टाकायचा, हातात पोकळ नग. मी सातवीत असताना आजोबा घरात पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी घाईने साचा उलटा केला, अर्धं शिसं मातीत सांडलं आणि साच्यातून एक पोकळ वजन निघालं, बाहेरून अगदी बरोबर. आजोबांनी ते हातात घेऊन वजन बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं, भाजलं नाही ना ते आधी बघितलं, आणि पुढे महिनाभर मला साच्याजवळ येऊ दिलं नाही. शिसं, जस्त, कथील ह्यांना स्लश जमतं कारण ते कमी तापमानाला वितळतात आणि एका ठरावीक अंशाला भिंतीपासून आत असे थराथराने गोठतात. दिव्यांचे स्टँड, छोट्या मूर्ती, खेळणी यांना ही पद्धत. ताकदीच्या पार्टला हिचा उपयोग नाही, कारण भिंतीची आतली बाजू खडबडीत आणि जाडी कुठेच सारखी नसते.

साचाच गरागरा फिरवला तर ते सेंट्रिफ्युगल. गावात नळपाणी योजनेचे काळे जाड डीआय, म्हणजे डक्टाइल आयर्नचे पाईप रस्त्याकडेला पडलेले असतात ना, ते फिरत्या धातूच्या साच्यात ओततात, रस फिरण्याने भिंतीला दाबून बसतो, आत कोअर, म्हणजे पोकळी ठेवणारा तुकडा, न घालता भोक आपोआप. बोटीच्या डिझेल इंजिनातले लायनर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळ्या, त्याही अशाच.

आणि सेमी पर्मनंट. डाय धातूची, पण आतला पोकळ भाग वळलेला असेल तर धातूचा कोअर बाहेर काढता येत नाही, म्हणून तेवढा कोअर वाळूचा, रेझिन लावलेल्या वाळूचा भाजून केलेला, शेल कोअर. ओतल्यावर रेझिन जळतं आणि वाळू ठोकून काढून टाकता येते. सिलेंडर हेडमधले पाण्याचे मार्ग असेच होतात, आणि भाच्याच्या हाउसिंगमधलं वळणही. सरळ भोकाला धातूचा कोअर चालतो पण तो वेळेत ओढावा लागतो, गोठल्यावर नग थंड होता होता लांबीत एक-सव्वा टक्का आकसतो आणि कोअरला असा आवळून बसतो की मग घणानेही सुटत नाही. पिस्टन ओतताना आतला कोअर म्हणूनच तीन-पाच तुकड्यांचा असतो, मधला आधी काढायचा, मग बाजूचे आत सरकवून.

कोकणात ओतकाम करणाऱ्याला एक गोष्ट घाटावरच्यापेक्षा जास्त सोसावी लागते, ती म्हणजे दमट हवा. गरम ॲल्युमिनियमला पाण्याची वाफ लागली की तो तिच्यातला ऑक्सिजन स्वतःला घेतो आणि हायड्रोजन मोकळा होऊन रसात विरघळतो. वितळलेलं ॲल्युमिनियम जेवढा हायड्रोजन धरून ठेवू शकतं त्याच्या विसाव्या हिश्शाएवढाच गोठल्यावर धरतं, मग उरलेला जाणार कुठे, आतच बारीक बारीक टाचणीच्या टोकाएवढी भोकं करतो. आणि त्या सायीच्या घड्या असतील तर हायड्रोजनला आयती जागा मिळते, घडी फुगते. म्हणजे एक दोष दुसऱ्याला मदत करतो. जून लागला की आमच्याकडे नियम बदलतात. इनगॉट, म्हणजे वितळवायच्या धातूच्या विटा, बाहेर शेडखाली ठेवायचे नाहीत, फर्नेसच्या उबेला ठेवून आधी कोरडे करायचे. शेल कोअर केला त्याच दिवशी वापरायचा, रात्रभर उघडा राहिला तर पुन्हा ओव्हनमध्ये. डीगॅसिंगला, म्हणजे रसातला गॅस काढायला, फिरत्या रोटरने नायट्रोजन किंवा आर्गॉनचे बारीक बुडबुडे सोडतो, हायड्रोजन त्या बुडबुड्यांत शिरतो आणि वर निघून जातो. फर्नेसच्या प्रत्येक चार्जला, म्हणजे प्रत्येक भरणीला, एक छोटी वाटी रस घेऊन व्हॅक्यूमखाली गोठवायचा आणि कापून बघायचा, आतून पावासारखा जाळीदार दिसला तर ओतायचं नाही, मग डिलिव्हरी कितीही अडलेली असो.

लॅडल आणि चिमटे तर तापवल्याशिवाय रसाला लावायचेच नाहीत, हे दोषाच्याही पलीकडचं आहे. पाण्याचा एक थेंब रसाच्या खाली अडकला तर त्याची वाफ सोळाशे पटींच्या वर फुगते आणि रस अंगावर येतो. पहिल्या वर्षी एका शॉपमध्ये ओलसर लॅडल बुडवलेली मी बघितली आहे. छताच्या पत्र्याला चिकटलेले ॲल्युमिनियमचे थेंब अजून डोळ्यांसमोर आहेत. माणूस वाचला, कारण त्याने चेहऱ्यावरची शील्ड घातलेली होती.

निघायच्या दिवशी भाच्याने विचारलं, "मामा, बाबांच्या ओळखीतल्या अजून बऱ्याच बोटींना हेच हाउसिंग आहे, तीनशे नग लागतील, तुम्ही कसं ओताल?" मी कागदावर काढून दिलं. धातू एलएम ६, कारण खाऱ्या हवेत तो चांगला टिकतो आणि पातळ भागात सहज वाहतो. बीडाची दोन तुकड्यांची डाय, वळणाला शेल कोअर, दोन तुकड्यांच्या सांध्यावर हवा जायला बारीक व्हेंट, कारण वाळू श्वास घेते आणि लोखंड घेत नाही. ओतणं टिल्टवर, बारा सेकंदात डाय उभी. रायझर जाड फ्लँजच्या डोक्यावर. प्रत्येक नग पाण्याखाली हवेच्या दाबाने तपासायचा. खाली मी तारीख टाकली आणि लिहिलं, दिवाळीनंतर ओतू, हवा कोरडी होऊ दे.